चौथ्या डाउनला कचरणारे कोच आणि नोकरी गमावणारे त्यांचे सहाय्यक

कृष्णाकाठची (ॲपल्टन, विस्कॉन्सिन)

इथे अमेरिकन फुटबॉल बघणारे किती जण आहेत माहीत नाही, तरी विचारते. ॲपल्टनहून ग्रीन बे अर्ध्या तासावर. हिवाळ्यातल्या रविवारी दुकानात गेलात तर गल्ल्यावरचा माणूससुद्धा कानाला पॅकर्सचा, म्हणजे ग्रीन बेच्या संघाचा, सामना लावून बसलेला असतो. इकडे संघ आपण निवडत नाही, तो गळ्यात पडतो. मी मूळची सांगलीची, पोटापाण्यासाठी विम्यातल्या जोखमीचे हिशोब करते. त्यामुळे या खेळात मला चेंडूपेक्षा कोचच जास्त छळतात.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी चार ओळी. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. एकेका संधीला डाउन म्हणतात. दहा यार्ड झाले की पुन्हा नव्याने चार. तिसऱ्या डाउनपर्यंत जमलं नाही तर चौथ्याला तीन वाटा उरतात. पंट, म्हणजे लाथ मारून चेंडू लांब घालवायचा आणि समोरच्याला मागून सुरुवात करायला लावायची. गोल टप्प्यात असेल तर फील्ड गोल मारून तीन गुण घ्यायचे. नाहीतर चौथा डाउनही खेळायचा. तो फसला तर चेंडू तिथल्या तिथे समोरच्याला.

आता पॅकर्सचे तीन पराभव सांगते. तिन्ही प्लेऑफमधले, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीतले, तिन्ही जानेवारीतले.

११ जानेवारी २००४, फिलाडेल्फिया. पॅकर्स १७-१४ ने पुढे. साधारण अडीच मिनिटं शिल्लक, चेंडू समोरच्या ईगल्सच्या ४१ यार्डांवर, चौथा डाउन, आणि हवंय जेमतेम एक यार्ड. हाताशी अहमान ग्रीन. त्याने त्या मोसमात १,८८३ यार्ड पळून क्लबचा विक्रम केलेला, आणि त्या दिवशीही दीडशेच्या वर काढलेले. तेवढं यार्ड मिळालं असतं तर सामना जवळजवळ खिशात होता. कोच माइक शर्मन यांनी पंट मारायला लावला. चेंडू थेट गोलरेषेपलीकडच्या एंड झोनमध्ये गेला, म्हणजे नियमाप्रमाणे ईगल्सची सुरुवात २० यार्डांवरून. एकवीस यार्डांच्या फरकासाठी सामना गहाण टाकला. पुढे ईगल्सवर चौथा डाउन आणि २६ यार्ड अशी वेळ आली, आणि डॉनोव्हन मॅकनॅबने फ्रेडी मिचेलला २८ यार्डांचा पास दिला. बरोबरी झाली, जादा वेळेत ईगल्स २०-१७ ने जिंकले. इकडे ‘फोर्थ अँड ट्वेंटी-सिक्स’ एवढं म्हटलं तरी म्हातारी माणसं डोळे मिटतात. त्याच्या आधीच्या ‘फोर्थ अँड वन’चं नाव मात्र कुणी काढत नाही. काही दिवसांतच नोकरी गेली ती बचावाचे प्रमुख एड डोनाटेल यांची.

१८ जानेवारी २०१५, सिअ‍ॅटल. पहिल्याच क्वार्टरमध्ये पॅकर्सवर दोनदा चौथ्या डाउनची वेळ आली, दोन्ही वेळा गोल एका यार्डावर. माइक मॅकार्थी यांनी दोन्ही वेळा फील्ड गोल घेतला, एक १८ यार्डांचा, दुसरा १९ चा. टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं) एका यार्डावरून निम्म्याहून जास्त वेळा होतो. त्याचे सहा आणि वर लाथ मारून एक असे सात गुण. नाहीच झाला तरी सिअ‍ॅटलला स्वतःच्या गोलाला पाठ टेकवून खेळावं लागलं असतं. म्हणजे दोन्ही वेळी सरासरीने गुणभर तरी सोडून दिला. शेवटाकडे तोच सूर. १९-७ ने पुढे, पाच मिनिटं बाकी, मॉर्गन बर्नेटने समोरच्याचा पास पकडला आणि पुढे मैदान मोकळं असताना खाली बसला. मग चेंडू तीनदा पळवून पाहिला, जे होणार हे सिअ‍ॅटलच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि पंट. त्यानंतर समोरच्यांची ऑनसाइड किक, म्हणजे चेंडू स्वतःच परत मिळवायला मारलेली आखूड लाथ, पॅकर्सच्या ब्रँडन बॉस्टिकच्या हातांतून निसटली ती सगळ्यांना आठवते. ठरलेल्या वेळेत २२-२२. जादा वेळेत २८-२२ ने हार. बॉस्टिकला काढलं, आणि लाथांच्या वेळी खेळणाऱ्या स्पेशल टीम्सचे प्रमुख शॉन स्लोकम यांनाही. पहिल्या क्वार्टरमधले ते दोन यार्ड कुणी कुणाच्या खात्यावर मांडले नाहीत.

तिसरा ताजा, २४ जानेवारी २०२१, आमच्याच लॅम्बो फील्डवर. टॅम्पा बे ३१, पॅकर्स २३. दोन मिनिटं आणि वर काही सेकंद उरलेले. चेंडू गोलापासून आठ यार्डांवर. ॲरन रॉजर्सचे तीन पास वाया गेले, चौथा डाउन. आठ गुणांनी मागे, म्हणजे टचडाउन आणि त्यावर लाथेऐवजी खेळून मिळणारे दोन गुण मिळाले तर बरोबरी. मॅट लॅफ्लर यांनी फील्ड गोल घेतला. ३१-२६. घड्याळ थांबवायला तीन टाइमआउट आणि दोन मिनिटं उरल्यावरचा थांबा हाताशी आहे, तेव्हा टॅम्पाच्या टॉम ब्रेडीला अडवू आणि चेंडू परत मिळवू, असा हिशोब. चेंडू परत मिळाला नाही. केविन किंगने तिसऱ्या डाउनला गड्याचा शर्ट ओढला, दंड झाला, संपलं. टॅम्पाने पुढे सुपर बोल, म्हणजे अंतिम सामनाही मारला. पॅकर्सचे बचावप्रमुख माइक पेटिन यांचा करार पुढे वाढवला नाही.

तीन निर्णय मुख्य कोचचे, तिन्ही वेळा घरी गेला सहाय्यक.

गंमत अशी की सगळ्यांत जास्त शिव्या लॅफ्लरना बसतात. मी त्यांचा निर्णय कागदावर मांडून पाहिला, अर्थात माझे अंदाज धरून. आठ यार्डांवरून एका फटक्यात टचडाउन होण्याची शक्यता तीनात एकीपेक्षा कमी, पुढचे दोन गुण निम्म्या वेळा, मग जादा वेळ. उलट बाजूला, ब्रेडीला अडवायचं आणि लगेच टचडाउन करायचा. दोन्हीकडून जिंकण्याची शक्यता दहा-बारा टक्क्यांच्या आसपास येते. खेळून पाहणं किंचित वरचढ, इतकंच. शर्मनचा पंट आणि मॅकार्थींचे पहिल्या क्वार्टरमधले गोल याहून कितीतरी महाग होते, पण त्यांवर इथे कुणी पेला आपटत नाही.

तर प्रश्न असा. या लोकांना हिशोब येत नाही, की येतो पण तो दुसऱ्याच गोष्टीचा असतो, खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार याचा? त्यातून आमच्या क्लबला मालकसुद्धा नाही. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्यासारखे पाच लाखांवर भागधारक आहेत, लाभांश मात्र शून्य. दरवर्षी मैदानावर त्यांची सभा भरते. डोक्यावर लहरी शेठ नसताना कोच इतका का घाबरतो?

भर उन्हातला पंच (नाशिक)

ताई, खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण वाचायला मजा आली. एक बाळबोध शंका. हे सगळं कोच का ठरवतो? मैदानात कर्णधार नसतो का?

आणि सावधपणाचं म्हणाल तर आपण काय कमी आहोत. जुलै २०११, डॉमिनिका कसोटी. शेवटच्या १५ षटकांत ८६ धावा हव्या, सात गडी हातात, द्रविड आणि लक्ष्मण खेळपट्टीवर, आणि आपण हात मिळवून अनिर्णित केली. मालिका १-० ने जिंकलेली होती ना, मग कशाला उगाच. त्या दिवशी मी टीव्हीवर काय फेकलं ते सांगत नाही.

कृष्णाकाठची

पंचसाहेब, कर्णधार असतात, पण ते मुख्यतः नाणेफेकीला पुढे जातात. चौथ्या डाउनला निर्णय मुख्य कोचचा. २०२१ च्या त्या सामन्यानंतर रॉजर्सनेही तो निर्णय आपला नव्हता असं पत्रकारांना सांगून टाकलं. क्वार्टरबॅकने (पास देणाऱ्या मुख्य खेळाडूने) मैदानातूनच हात हलवून ‘आम्ही खेळतो’ म्हणायचं आणि कोचने मान डोलवायची, असंही कधी कधी घडतं. पण मान डोलवणारा कोचच.

डॉमिनिकाचा तुमचा दाखला बरोबर बसतो. तिथेही हरण्याची भीती खरी नव्हतीच, हरल्यावर काय बोललं जाईल याची होती.

दशांश (पुणे)

मी सामने बघत नाही, रात्रीची झोप प्यारी आहे. पण तुमच्या प्रश्नावर अर्थशास्त्रात एक गाजलेला निबंध आहे, तो आम्ही विद्यार्थ्यांना वाचायला देतो. बर्कलीचे डेव्हिड रोमर, ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’, २००६. कंपन्या खरंच नफा वाढवायच्या मागे असतात का, हा मूळ प्रश्न, आणि तो तपासायला त्यांनी घेतला चौथा डाउन. १९९८ ते २००० या तीन मोसमांतल्या सामन्यांचा फक्त पहिला क्वार्टर घेतला. कारण तेव्हा घड्याळ आणि धावफलक यांचं दडपण नसतं, जास्त गुण म्हणजे जिंकण्याची जास्त शक्यता, इतका सरळ मामला. त्यांच्या हिशोबाने चौथा डाउन खेळणंच फायद्याचं होतं अशा हजारावर प्रसंगांत संघांनी जवळपास नव्वद टक्के वेळा लाथ मारली.

म्हणजे तुमच्या मॅकार्थींचे ते दोन गोल अपवाद नव्हते. धंद्याची रीतच तशी होती.

रोमर यांनी कारण ठामपणे सांगितलेलं नाही. कोचना खरंच हिशोब उमगत नसेल, किंवा उमगूनही जिंकण्यापलीकडचं काही ते सांभाळत असतील, अशा दोन्ही शक्यता त्यांनी उघड्या ठेवल्या. माझं मत दुसरीकडे झुकतं. पेट्रियट्सचा तेव्हाचा कोच बिल बेलिचिक, त्याचंच बघा. गडी अर्थशास्त्राचा पदवीधर. १५ नोव्हेंबर २००९, इंडियानापोलिस. पेट्रियट्स ३४-२८ ने पुढे, दोन मिनिटं आणि थोडं वर, चेंडू स्वतःच्याच २८ यार्डांवर, हवेत दोन यार्ड. समोर इंडियानापोलिसचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग. पंट मारला तर त्याच्या हातात चेंडू आणि पुरेसा वेळ. बेलिचिकने खेळायचं ठरवलं. केविन फॉकने पास पकडला, पण जागा जराशी कमी पडली. मॅनिंगने टचडाउन केला, ३५-३४. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर बसलेल्या माजी खेळाडूंनी त्याला गर्विष्ठ ठरवलं. आकडे मांडणारे बरेच जण मात्र त्याच्या बाजूने होते.

तीन सुपर बोल जिंकलेल्या माणसाची ही गत. मग ज्याचा करार अजून कच्चा आहे तो पंट मारणार नाही तर काय करणार? पंट मारून हरलात तर हरवलं बचावफळीने. खेळून हरलात तर हरवलं तुम्ही.

नोव्हीकर (मिशिगन)

कृष्णाकाठच्या ताई, ग्रीन बेवाल्यांना डेट्रॉइटच्या माणसाने सांत्वन करायचं म्हणजे कलियुग आलं. आमचा संघ आजवर सुपर बोलपर्यंत पोचलेला नाही. २०२४ च्या जानेवारीत प्लेऑफचा एक सामना जिंकलो तेव्हा ३२ वर्षांनी जिंकलो होतो. नोव्हीत त्या रात्री आमच्या कॉलनीत देसी लोकांनी थाळ्या वाजवल्या, शेजारचा गोरा दार उघडून बघायला आला.

आणि दोन आठवड्यांनी आमचा कोच डॅन कॅम्पबेल.

सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला २४-७ ने पुढे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये २४-१०, त्यांच्या २८ यार्डांवर चौथा डाउन, दोन यार्ड हवेत. ४५-४६ यार्डांचा फील्ड गोल मारता आला असता. कॅम्पबेल खेळला. जॉश रेनॉल्ड्सच्या हातात आलेला चेंडू सुटला. पुढे काय झालं? त्यांचा एक लांब पास आमच्या गड्याच्या शिरस्त्राणाच्या जाळीला आपटून उडाला आणि ब्रँडन आययुकने तो जमिनीच्या वर झेलला, ५१ यार्ड. तिथून सगळं घसरलं. चौथ्या क्वार्टरमध्ये २७-२४ ने मागे, ३० यार्डांवर पुन्हा चौथा डाउन, तीन यार्ड हवेत. पुन्हा खेळला. पुन्हा फसला. ३४-३१ ने हरलो. तीन गुणांनी! आणि दोनदा तीन गुण नाकारलेले.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये जो तो कोच झाला होता. आमच्या बाबांनी तर चिंचवडहून फोन करून सुनावलं, ‘हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये एवढं त्या माणसाला कुणी शिकवलं नाही का?’ बाबांनी फक्त ठळक क्षणांची चित्रफीत बघितली होती.

पण ताई, खरं सांगतो, मी बदललो नसतो. ज्या पद्धतीने तो संघ तिथवर पोचला तीच पद्धत त्याने तिथे वापरली. पुढच्या मोसमात १५ विजय, २ पराभव. आणि ५ डिसेंबर २०२४ आठवतोय का? आठवत असणारच, समोर तुमचेच लॅफ्लर होते. ३१-३१, पाऊण मिनिटही बाकी नाही, तुमच्या २१ यार्डांवर चौथा डाउन, एक यार्डही नको. सरळ फील्ड गोल मारून पुढे जायचं, कुणीही तेच केलं असतं. पण मग उरलेल्या वेळात तुमच्या हातात चेंडू. कॅम्पबेलने खेळायला लावलं. जॅरेड गॉफ चेंडू देताना अडखळून पडला, तरी डेव्हिड मॉन्टगोमेरी सात यार्ड घेऊन गेला. घड्याळ संपवलं आणि शेवटच्या फटक्याला गोल मारून ३४-३१. मी सोफ्यावरून उडी मारली तेव्हा बायकोने पोरांना उठवलंस म्हणून झापलं.

फ्रिस्कोचे काका (टेक्सस)

सगळे मिळून कोचांना झोडताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझा धाकटा हायस्कूलच्या संघात आहे. शुक्रवारी रात्री मी त्या कोचांच्या मागच्याच बाकांवर असतो.

पहिलं, सांगलीच्या ताईंनी शर्मनवर आरोपपत्र ठेवलं पण अर्धीच साक्ष दिली. त्याच सामन्यात दुसऱ्या क्वार्टरमध्ये पॅकर्स एका यार्डावर चौथा डाउन खेळले होते. आपल्याच गड्याच्या पायात पाय अडकून ग्रीन पडला आणि हाती भोपळा आला. तासा-दीड तासापूर्वी हे बघितलेल्या माणसाने शेवटी दुसऱ्यांदा तेच करावं, हे सोफ्यावरून बोलायला सोपं आहे.

दुसरं, आकड्यांना तुमचा डावा गार्ड (पुढच्या फळीतला गडी) लंगडतोय हे माहीत नसतं. वारा कुठून आहे, क्वार्टरबॅकचा आवाज गोंगाटात पोचतोय का, समोरच्याने मागच्या तीन वेळा काय केलं, हे त्या तक्त्यात नाही. तुमचा तो ‘एका यार्डावर निम्म्याहून जास्त’ हा सगळ्या संघांचा मिळून आकडा आहे. कोचला खेळवायचा असतो स्वतःचा संघ, त्या दिवशीचा.

तिसरं, सहाय्यकांचं. बचावप्रमुख एका पासमुळे जात नाही. वर्षभराचं साचलेलं असतं, शेवटचा सामना निमित्त होतो.

आणि धाडसाचेच गोडवे गायचे तर आर्कान्सामधले केविन केली घ्या. लिटल रॉकच्या पुलास्की अकॅडमी या शाळेत त्यांनी पंट जवळपास बंदच करून टाकला, ऑनसाइड किकही सर्रास मारायचे. राज्य विजेतेपदं ढिगाने मिळवली. मग २०२१ मध्ये प्रेस्बिटेरियन कॉलेजला गेले, तिथे २-९. वर्षभरात बाहेर.

दशांश

काका, केलींचा दाखला एका मोसमाचा आहे, आणि ते कॉलेज शिष्यवृत्ती न देणाऱ्या गटातलं. तेवढ्यावरून पंटला निर्दोष सोडता येणार नाही.

फ्रिस्कोचे काका

आणि शाळेतली विजेतेपदं मात्र पंट न मारण्यामुळेच आली, हे कशावरून? ती खासगी शाळा आहे, खेळाडूही चांगले होते.

कृष्णाकाठची

काका, दुसऱ्या क्वार्टरमधली साक्ष मान्य, पण ती शर्मनच्या बाजूने जात नाही, माझ्याच बाजूने येते. आधीचा डाउन फसला म्हणून पुढच्याची शक्यता बदलत नाही. बदलतं ते कोचचं मन. गेल्या वर्षी पूर आला म्हणून यंदा विमा घ्यायला रांग लागते, आणि चार वर्षं कोरडी गेली की तीच माणसं हप्ता बंद करतात. माझा पगार त्यावरच चालतो.

लंगडणारा गार्ड हा मुद्दा खरा आहे. पण नवल असं की ही मैदानावरची खास माहिती नव्वद टक्के वेळा एकाच बाजूला, लाथ मारण्याच्या बाजूला कशी झुकते? कधी तरी समोरच्याचाही गार्ड लंगडत असेल की.

सहाय्यकांचं साचलेलं असतं हेही ठीक. पण तिन्ही वेळा साचलेलं त्यांच्याच खात्यात कसं निघालं, एवढंच विचारते.

नोव्हीकर, ५ डिसेंबर काढायची गरज नव्हती.

एक गोष्ट मात्र हल्ली वेगळी दिसते. कोच आता चौथा डाउन पूर्वीपेक्षा खूपच जास्त खेळतात, आणि फसलं की पत्रकारांपुढे म्हणतात, आकडे तसे होते. म्हणजे खापराला नवं डोकं सापडलं. पूर्वी पंट मारून बचावफळीमागे लपायचे, आता डाउन खेळून आकडेवाल्या पोरांमागे.

आणि धाडस वाढलं तरी १४ गुणांचं कोडं बहुतेकांच्या पचनी पडलेलं नाही. शेवटच्या क्वार्टरमध्ये १४ ने मागे आहात, टचडाउन केला, आता ८ ने मागे. सगळे एक गुणाची लाथ मारून ७ वर आणतात. खरं तर इथेच दोन गुणांसाठी खेळायला हवं. दोन गुण निम्म्या वेळा मिळतात आणि एकाची लाथ कधीच चुकत नाही असं धरा. मिळाले तर पुढच्या टचडाउननंतर नुसती लाथ मारून थेट विजय. नाही मिळाले तर पुढच्या वेळी पुन्हा दोनसाठी, म्हणजे बरोबरीची संधी शिल्लक आहेच. दुसरा टचडाउन झाला आणि समोरच्याने काही केलं नाही असं धरलं, तर जिंकण्याची शक्यता साडेबासष्ट टक्के. दोनदा लाथ मारलीत तर पन्नास. ईगल्सच्या डग पेडरसन यांनी २०१८ मध्ये हे केलं तेव्हा लोक डोकं खाजवत बसले होते. कारण फसलं तर ते लगेच, सगळ्यांसमोर, सामना संपायच्या आधीच दिसतं.

काका, तुमच्या पोराच्या कोचना हे दाखवून बघा ना.

फ्रिस्कोचे काका

दाखवलं. शुक्रवारी सामना संपल्यावर, पार्किंगमध्ये, फोनवर तुमचा परिच्छेद इंग्रजीत करून वाचून दाखवला. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, आम्ही दरवेळी दोनसाठीच खेळतो, तुम्ही लक्ष देत नाही वाटतं. का म्हणून विचारलं, तर म्हणाले किकर नववीतला आहे, मागच्या महिन्यात त्याची लाथ बँडवाल्या पोरांत गेली होती.

भर उन्हातला पंच

बँडवाल्यांचे किती गुण धरतात?